सुपांपुढे वाचलेला आशिया

एप्रिल उजाडला की आमच्या सोलापुरात ऊन आणि परीक्षा दोन्ही बरोबरच येतात. दरवर्षी येतात आणि दरवर्षी लोक नव्यानं कुरकुरतात, "यंदा लईच हाय बघा." समोरच्या गॅलरीत शेजाऱ्यांची नात पुस्तक घेऊन बसलेली असते. कानांत इअरफोनची बोंडं घातलेली, ओठ घट्ट मिटलेले. पान उलटलं तरच कळतं की पोरगी जागी आहे. परवा मी न राहवून विचारलं, "अगं, तू वाचतेस तर ऐकू का येत नाही?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की आजीचं आता काही खरं नाही. मग हसून परत पुस्तकात डोकं घातलं.

मला मुका अभ्यास कधी जमला नाही. मनातल्या मनात वाचलं की दोन ओळींनंतर मन बाजारात जाऊन भाजी घ्यायला लागतं. याला कारण आहे. एम.ए.चा माझा सगळा अभ्यास मोठ्यानं झाला, आणि तोही विड्या वळणाऱ्या बायकांसमोर. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. विहिरींना पाणी आलं होतं, पण लोक अजून तांब्या भरताना सवयीनं हात आखडता घ्यायचे. त्या उन्हाळ्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या तेंदूच्या पानांचा वास, तंबाखूचा खकाणा, आणि भिंतीपलीकडच्या यंत्रमागांमधून येणारा तेलाचा, सुताचा वास. माग दिवसभर खडखडत असायचे. शहराच्या आमच्या पूर्व भागात जन्मलेल्या माणसाला तो आवाज ऐकू येतच नाही, तो थांबला की ऐकू येतो.

आमचं घर तेलुगू. वडील गिरणीत, आणि अम्मा घरी विड्या वळायची. कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायची, दिवसभर वळायची, संध्याकाळी नेऊन द्यायची. अंगणात कडुनिंबाच्या सावलीत तिच्याबरोबर आणखी दोघी बसायच्या. एक गंगव्वा, अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीची. नवरा गेल्यावर शहरात भावाकडे आलेली, कपाळाला विभूतीची बोटं, बोलणं कानडी हेलाचं आणि आवाज असा की मागांच्या वर ऐकू जावा. दुसरी रबियाखाला, मागच्या गल्लीतली. नवरा मालट्रकवर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. तिघींच्या मांडीवर सूप, सुपात पानं, कात्री, दोरा. चौथं सूप माझं होतं. मी शाळेत होते तेव्हापासून वळत होते आणि माझ्या वाट्याच्या विड्या अम्माच्या विड्यांत मिसळून कारखान्यात जायच्या.

परीक्षा जवळ आली आणि घरात पेच पडला. पुस्तक धरलं तर सूप सुटायचं, सूप धरलं तर पुस्तक. मी पुस्तक गुडघ्याशी टेकवून वळायचा प्रयत्न केला. विड्या अशा झाल्या की कारखान्यातल्या तपासनिसानं अर्ध्या चुरगाळून फेकल्या. अम्मा घरी येऊन काहीच बोलली नाही, आणि अम्मा बोलली नाही की आम्ही सगळे घाबरायचो. तेव्हा गंगव्वानं निकाल दिला.

"सुलोचने, तू वाच. पर मोठ्यानं वाच. आमी तुज्या वाटणीच्या वळतो. आमालाबी जरा करमणूक हुईल की."

"खाला?" मी विचारलं.

"हौ हौ, वाच बच्ची. दिनभर इसकी नणंदेच्या गोष्टी ऐकून माझे कान पिकले," रबियाखाला म्हणाली आणि गंगव्वानं तिच्या दिशेनं पानाचा कातरा भिरकावला.

असा सौदा ठरला. तिघी माझा वाटा वळणार आणि मी त्यांना वाचून दाखवणार. आता वाचायचं काय, तर माझा पेपर. 'आशियाई समाजांतील आधुनिकता आणि राष्ट्रीय अस्मिता.' आमच्या सरांनी मोठ्या हौसेनं तो विषय सुरू केला होता आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पोरांनी तो घेतला होता. पुस्तकं सगळी इंग्रजीत. सर रात्रंदिवस खपून मराठीत टिपणं काढायचे आणि वर्गात सावकाश सांगायचे, आम्ही उतरून घ्यायचो. माणूस लाख मोलाचा, पण त्यांची मराठी अशी की वाक्याच्या या टोकाला चढलेला माणूस त्या टोकाला उतरेपर्यंत दमून जावा.

पहिल्या दिवशी मी टिपणं जशीच्या तशी वाचायला घेतली. "आधुनिकीकरण ही एक बहुआयामी प्रक्रिया असून तीत पारंपरिक संरचनांचे विघटन अनुस्यूत असते..." दोन पानं झाली. वर बघते तर तिघींचे हात चालू आणि तोंडं उघडी.

"आगं यव्वा," गंगव्वा म्हणाली, "ह्ये मंत्र म्हनतीस व्हय? कुनाची पूजा हाय?"

रबियाखाला इतकी हसली की तिच्या मांडीवरची तंबाखू उडाली आणि सगळ्या शिंकत सुटल्या. मी चिडले. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या लक्षात आलं की त्या वाक्याचा अर्थ मला तरी कुठे माहीत होता? दुसऱ्या दिवसापासून मी आधी वाचायचे, मग वही मिटून सांगायचे. सांगायचं म्हणजे कळावं लागतं, आणि कळलं नसेल तर त्या तिघी बरोबर तिथेच बोट ठेवायच्या. सरांच्या वर्गात मी मान डोलावून निभावून न्यायचे. अंगणात ती सोय नव्हती.

काय दिवस होते! जपान आमच्या अंगणात आला आणि पाहुण्यासारखा मुक्कामाला राहिला. तिथल्या राजानं जुना पोशाख टाकून विलायती कोट चढवला हे ऐकून गंगव्वा म्हणाली, "कापडं बदलली म्हंजे देश नवा व्हतो व्हय? मग आमचा भाऊ तर कवाच नवा झाला की. वागनं तसंच हाय." जपान कुठे आहे हे मी नकाशावर दाखवलं तरी तिच्या मते तो हैदराबादच्या पुढे कुठेतरी होता, आणि तिथे ज्वारी पिकत नाही हे कळल्यावर तिला त्या लोकांची मनापासून कणव आली. त्या बायकांना सगळं कळायचं असं मी म्हणणार नाही. कित्येकदा त्या भलतंच धरून बसायच्या. चीनमध्ये इतकी माणसं आहेत म्हटल्यावर संबंध दुपार, त्यांच्या लग्नांत पंगती कशा उठत असतील, यावर गेली आणि माझा चीन तसाच राहिला. मी ओरडले, "अहो, उद्या परीक्षेत पंगती विचारणार नाहीत!" त्यावर रबियाखाला शांतपणे म्हणाली, "तो पूछना चाहिये ना."

तुर्कस्तानचा दिवस मात्र वेगळा गेला. मी रंगात येऊन सांगत होते. जुन्या टोप्यांवर बंदी आली, मग लिपीच बदलली. अरबी वळणाची अक्षरं गेली, इंग्रजीसारखी आली, आणि देश बघता बघता नवा झाला. सरांनी टिपणात लिहिलं होतं, 'धाडसी पाऊल'. तेही मी म्हणून दाखवलं. तिघींत वाचता येणारी एकटी रबियाखाला. लहानपणी गल्लीतल्या बाईंकडे उर्दू शिकली होती. नवऱ्याचं पत्र आलं की अडखळत, बोट ठेवून वाचायची आणि मग दिवसभर तोऱ्यात असायची.

"मग जुनं वाचणाऱ्या बायकांचं काय झालं?" तिनं विचारलं.

"त्यांना नवीन शिकावं लागलं."

"आणि म्हाताऱ्यांना?"

खालानं हातातली विडी सुपात ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे मी तिथं असते, तर सकाळी उठून अनपढ झाले असते. चिठ्ठी हातात, आणि वाचायला पोराला बोलवा." तिनं हे रागानं म्हटलं नाही. पण त्या देशात जाऊन आल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. मला तिचं इतकं वाईट वाटलं की मी त्या दिवशी पुढचं वाचलंच नाही. धाडस कुणाचं आणि पाऊल कुणाच्या अंगणात पडलं, हा विचार मी त्याआधी केला नव्हता. आजही कुणी भाषणात 'देश बदलतो आहे' म्हटलं की मला चिठ्ठी हातात धरून दारात उभी असलेली एक तुर्की बाई दिसते. ती दिसायला थेट आमच्या खालासारखी आहे.

याच सुमाराला कारखान्यातून निरोप आला. मुनीम अम्माला म्हणाला होता, "एक जागा रिकामी होतीय. पोरीच्या नावानं कार्ड काढून देतो. चार दिवसांत सांगा, मागं बाया रांगेत हायत." आता ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. स्वतःच्या नावाचं कार्ड म्हणजे कायमचं काम. आमच्या गल्लीत पोरीला कार्ड मिळालं की पेढे वाटायचे. पण कार्ड घेतलं की दिवसाचा ठरलेला माल द्यावाच लागतो. मग कुठलं एम.ए. आणि कुठला जपान. आणि कार्ड नाकारून नापास झाले तर? तर दोन्ही गेलं. वडील म्हणाले, "तूच ठरव," आणि ते अम्माला म्हणाले, मला नाही.

अम्मानं सूप पुढे ओढलं. ती तशी अंगणात कधी बोलायचीच नाही. तिची मराठी मोडकी होती. गंगव्वा आणि खाला वाद घालायच्या, ती मान खाली घालून वळत राहायची. तिच्या बोटांचा वेग मला आजही डोळे मिटले की दिसतो. पान कापलं, तंबाखू पसरली, वळलं, टोक दुमडलं, दोरा. मला वाटायचं, हिला माझ्या आशियात काडीचं स्वारस्य नाही, ही फक्त वेळ भरून काढतेय.

चार दिवसांतला तिसरा दिवस असेल. माझ्या टिपणांत जपानच्या औद्योगिक प्रगतीची कारणं होती. त्यात एक ओळ, 'स्वस्त श्रमशक्तीची उपलब्धता'. मी ती पाठ केली होती. पण अंगणात ती चालणार नव्हती हे आता मला कळत होतं, म्हणून आदल्या दिवशी सरांना विचारलं होतं. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या, "परीक्षेच्या दृष्टीनं एवढं पुरे आहे हो," असं म्हणाले, आणि तरी कपाटातून एक इंग्रजी पुस्तक काढून खूण घालून दिलं. शब्दकोश घेऊन मी ती पानं वाचली होती.

तेच मी सांगितलं. जपानातल्या खेड्यांमधून लहान लहान पोरींना रेशमाच्या आणि सुताच्या कारखान्यांत नेलं. बापांनी करारावर अंगठे उठवले. पोरी तिथेच राहायच्या, दाराला कुलूप. वाफेत दिवसभर उभ्या राहून कोशांतून धागा काढायच्या. ते रेशीम परदेशी जायचं, आणि त्यातून देशाची जहाजं, रेल्वे, शाळा उभ्या राहायच्या. मालक सांगायचे, पोरींनो, तुम्ही देशासाठी काम करताय. कितीतरी पोरी खोकत घरी परतल्या. काही परतल्याच नाहीत.

भिंतीपलीकडे माग खडखडत होते.

आणि मग अम्मानं तोंड उघडलं. त्या सगळ्या उन्हाळ्यात तिनं विचारलेला तो एकच प्रश्न. मोडक्या मराठीत, मान वर न करता.

"त्या पोरींची आई काय करत होती?"

मी वहीत बघितलं, जसं काही तिथे असणार होतं. "ते पुस्तकात नाही, अम्मा."

"हं," म्हणाली आणि पुढचं पान उचललं.

दुसऱ्या दिवशी माल द्यायला गेली तेव्हा अम्मानं मुनीमाला सांगितलं की पोरीचं कार्ड नको. घरी येऊन ही बातमी तिनं चुलीशी बसून, भाकरी थापता थापता सांगितली. वडील नुसते हं म्हणाले. तोवर परीक्षा माझी होती. आता ती अम्माची झाली होती, आणि मी नापास झाले असते तर गल्लीतल्या बायका मला नाही, तिला हसल्या असत्या. त्या दिवसापासून माझी झोपच उडाली. टिपणं तोंडपाठ असूनही वाटायचं, सगळं विसरलं, सगळं गेलं.

शेवटचा देश इंडोनेशिया. हजारो बेटं, शेकडो भाषा. स्वातंत्र्याची चळवळ सुरू झाली तेव्हा प्रश्न आला की सगळ्यांची म्हणून एक भाषा कुठली घ्यायची? जावाची माणसं सगळ्यांत जास्त, पण त्यांनी जावाची भाषा घेतली नाही. बंदरांवर, बाजारात व्यवहाराला वापरायची मलय भाषा घेतली. फार थोड्यांच्या घरची ती होती, म्हणून ती सगळ्यांची होऊ शकली. हे मी सांगितलं आणि गंगव्वा म्हणाली, "मग त्यात काय नवल हाय? आपलं हितं तसंच की."

"कसं?"

"ह्ये बघ. मी घरात कानडी बोलती. तुजी आई तेलुगू. ही रबिया तिची मुसलमानी. आन् अंगणात बसलो की आपुन काय बोलतो? मराटी. हितं कुनाच्या घरची मराटी हाय, सांग? एकीचीबी न्हाय."

इतकी वर्षं त्या अंगणात वाढले, पण हे मला कधी दिसलं नव्हतं. तिची कानडी हेलाची, खालाची हौ-नक्कोची, अम्माची तुटकी, अशी तीन तऱ्हांची मराठी. आणि त्याच मराठीत त्या भांडायच्या, एकमेकींची दुखणी विचारायच्या, एकमेकींच्या पोरी बाळंत करायच्या. तेव्हा वर्तमानपत्रांतून सीमेचा वाद रोज धडधडत असायचा. कुठलं गाव कुठल्या राज्याचं, अक्कलकोट इकडचं की तिकडचं. मैंदर्गीच्या गंगव्वाला मी एकदा विचारलं होतं, "तुम्हाला काय वाटतं?" ती म्हणाली होती, "माज्या शेताची वाट बदलनार न्हाय न्हवं? मग बास."

परीक्षेच्या दिवशी अम्मानं हातावर दही ठेवलं. खालानं काहीतरी पुटपुटत माझ्यावर फुंकर घातली, गंगव्वानं कपाळाला विभूती लावली. तीन देवांच्या ओझ्यानं मी वर्गात जाऊन बसले. पंखा नव्हता. घामानं कागद हाताला चिकटत होता. प्रश्न आला, 'भाषा आणि राष्ट्रीय अस्मिता यांचा संबंध आशियातील कोणत्याही एका देशाच्या आधारे तपासा.' मी इंडोनेशिया घेतला. सरांनी बजावलं होतं, "पेपर तपासणारा तुम्हाला ओळखत नाही. उत्तरात आपलं घर, आपली गल्ली आणायची नाही." मी दोन पानं शहाण्यासारखी लिहिली. मग काय झालं कुणास ठाऊक, पेन थांबेना. आमचं अंगण उतरलं ते सगळंच उतरलं. गंगव्वाचं वाक्य तर मी तिच्याच भाषेत लिहिलं. घंटा झाली तेव्हा शेवटचा प्रश्न अर्धवट राहिला होता.

बाहेर येऊन सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "लिहिलंत?"

"हो, सर."

"तसंच? 'आन् अंगणात बसलो की' वगैरे?"

"हो."

"बघू या," म्हणाले बिचारे. पण त्यांच्या आवाजावरून मी समजले. मी घरी लांबच्या रस्त्यानं आले. चार ओळी माझ्या हौसेच्या, आणि पणाला लागलेली अम्मा. स्वतःला इतक्या शिव्या मी आयुष्यात कधी घातल्या नसतील. अम्माला मी यातलं काही सांगितलं नाही. तिनं विचारलं, "कसा गेला?" मी म्हटलं, "गेला."

मग निकालापर्यंतचे ते दिवस. मी पुन्हा सूप घेऊन बसले. पुस्तकं सरांना परत गेली, वाचन थांबलं. अंगणात परत नणंदा आल्या, भाजीचे भाव आले. मध्येच गंगव्वा विचारायची, "सुलू, त्या टोप्या बंद केलेल्या देशाचं म्होरं काय झालं गं?" आणि मी म्हणायचे, "नंतर सांगते." मला तो विषयच नको झाला होता. आशियाचं नाव काढलं की मी पाणी आणायला उठायचे.

निकाल कॉलेजच्या फळ्यावर लागला. गर्दीत घुसून मी आपला नंबर शोधला, मग बाजूला जाऊन उभी राहिले, मग परत जाऊन बघितला. दुसरा वर्ग. त्या पेपरातसुद्धा पास. परीक्षकाला आमचं अंगण आवडलं, की ते वाचता वाचता त्यानं डुलकी काढली, ते देव जाणे. सर भेटले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते उन्हाला दोष देत होते. आपल्याकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात जागा निघतेय, अर्ज करा, असंही म्हणाले. मी पळतच घरी आले.

भर दुपार. तिघी कडुनिंबाखाली.

"झालं?" अम्मानं विचारलं.

"झालं अम्मा. पास."

गंगव्वानं माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. खाला पदरात तोंड लपवून रडायला लागली, आणि रडता रडता मलाच ओरडली की सकाळपासून काही खाल्लं नाहीस. अम्मानं हातातली विडी पुरी केली. दोरा बांधला, तोडला. मग मांडीवरचं सूप उचलून बाजूला ठेवलं. अंगावरची तंबाखू झटकली, उठली, आणि नळाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. मला वाटलं, देवापुढे दिवा लावायला आत जातेय.

ती आत गेली नाही. परत येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसली. दोन्ही हात मोकळे, मांडीवर ठेवलेले. दिवसाउजेडी रिकाम्या हातांनी बसलेली अम्मा मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

"सांग," ती आमच्या तेलुगूत म्हणाली.

"काय सांगू?"

"तो जपान. आणि त्याच्या पुढचे सगळे. तुझ्या वाटणीच्या करायच्या म्हणून मी हात पळवत होते, सगळं ध्यान सुपात. निम्मं माझ्या कानात गेलंच नाही. आता सांग, पहिल्यापासून."